तालुका कचेरीतील संगणक कोणाच्या हाती?

(दिंडोरी येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा आशय)



आजच्या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत वनहक्काचे दावे आहेत, कालव्याच्या पाण्याचे वाटप आहे, द्राक्षबागायतदारांची थकलेली कर्जे आहेत; आणि त्याच रांगेत 'जुन्या संगणकांसाठी लिनक्सची निवड' असा एक विषय छापलेला आहे. तो वाचून काही साथींना हसू आले असल्यास नवल नाही. हा विषय पक्षाचा की दुरुस्तीच्या दुकानाचा, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो दोघांचाही आहे. यंत्र कोणी चालवावयाचे आणि कोणी दुरुस्त करावयाचे हा प्रश्न समाजवादी विचाराने कधीच दुकानापुरता मानलेला नाही.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचा नित्याचा मोफत सुरक्षापुरवठा थांबविला. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची वाढीव मुदत मिळाली, परंतु तीही अटींवर. पुढची प्रणाली विंडोज ११. ती २०२१ साली बाजारात आली तेव्हा कंपनीने असे ठरविले की टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असल्याखेरीज ती अधिकृतपणे बसविता येणार नाही. ही आठवी पिढी २०१७ साली निघाली. म्हणजे त्यापूर्वीचे संगणक कितीही धडधाकट असोत, कंपनीच्या लेखी ते मेले.

आता आपल्या भोवतालचे संगणक पाहा. पतसंस्थेने दहा वर्षे वापरून मोडीत काढलेला, नाशिकच्या बाजारातून जुना म्हणून आणलेला, एखाद्या शिक्षकाने मुलाने नवा घेतल्यावर कचेरीला दिलेला. तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्त्याच्या टेबलावर असतो तो हा. कोअर टू डुओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, दोन किंवा चार जीबी रॅम आणि घरघरणारी हार्ड डिस्क. अशाच यंत्रांत आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वनहक्क दाव्यांच्या याद्या आहेत: कोणाचा 'अ' नमुन्यातील वैयक्तिक दावा उपविभागीय समितीत अडकला, कोणत्या गावाचा सामूहिक दावा अपिलात आहे, कोणाच्या जमिनीचे क्षेत्र दाव्यापेक्षा कमी लावले गेले. २००६ च्या कायद्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी ह्या कागदांसाठी लोकांना पायी चालावे लागते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत गेलेला किसान सभेचा मोर्चा आपण पाहिला. मार्च २०२३ मधील मोर्चा तर ह्याच दिंडोरीतून निघाला होता. मोर्चाने सरकार वाटाघाटीस बसते, परंतु वाटाघाटीच्या टेबलावर यादी लागते. ती यादी ज्या यंत्रात आहे त्याचे भवितव्य दूर देशातील एक कंपनी आपल्या विक्रीच्या सोयीने ठरविते, ह्याचा विचार करावयास नको काय?

ह्यावर आपल्याकडे एक रूढ उपाय आहे. कोणीतरी ओळखीचा मुलगा येतो आणि शे-दोनशे रुपयांत विंडोजची 'फोडलेली' प्रत टाकून देतो. बहुतेक कचेऱ्यांत हेच चालते, हे उघड बोलण्याची मात्र पद्धत नाही. साने गुरुजींच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या चळवळीने साधनशुचितेचा शब्द फार मोठ्याने उच्चारला आहे. चोरीच्या प्रणालीवर टंकलेले निवेदन त्या शब्दाशी जुळत नाही. परंतु नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवू. ज्याने ती प्रत फोडली त्याने आत आणखी काय घातले हे तपासण्याचा कोणताही मार्ग वापरणाऱ्यापाशी नसतो. आदिवासींची नावे, आधार क्रमांक आणि जमिनीचे गट क्रमांक अशा यंत्रात ठेवणे ही बेफिकिरी आहे.

ह्या प्रश्नाला आपल्या चळवळीत एक इतिहास आहे. आजच्या तरुण साथींना तो ठाऊक नसेल, म्हणून थोडा सांगतो. १९७७ साली केंद्रात जनता सरकार आले आणि आपले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. त्यावेळी भारतात संगणक म्हणजे बहुतांशी आयबीएम. ही कंपनी यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. आणि पाश्चात्य देशांत कालबाह्य ठरलेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून येथे आणून त्यांचे भाडे वसूल करीत असे. ह्यावर संसदेच्या लोकलेखा समितीनेही टीका केली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीयांना भांडवलात वाटा द्या, एवढीच मागणी होती. आयबीएमने ती नाकारली आणि १९७८ साली कंपनी देश सोडून गेली. कोका-कोलाची बाटली गेली हे सर्वांना आठवते, कारण बाटली सर्वांनी पाहिलेली असते. खरी कसोटी होती ती शेकडो ठिकाणी बसविलेल्या आयबीएमच्या यंत्रांची. ती दुसऱ्या दिवशी कोण चालविणार? ते काम सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने अंगावर घेतले. भारतीय तंत्रज्ञांनी ती यंत्रे चालू ठेवली. कंपनीला जा म्हणण्याचे धैर्य मंत्र्याने दाखविले, त्याचे श्रेय त्याला आहेच. परंतु ते धैर्य पेलले ते देखभाल करणाऱ्या हातांमुळे. लोकांच्या स्मरणात मंत्री राहिला आणि महामंडळ विस्मृतीत गेले, हे आपल्या इतिहासलेखनाचे नेहमीचेच आहे.

दुसरा दाखला आपल्या अंगणातला. वाघाड धरण आपल्या तालुक्यात, आणि त्याच्या कालव्याचे टेल ओझरकडे. कागदोपत्री ओझरच्या शेतकऱ्याला पाणी मंजूर होते, प्रत्यक्षात ते शेवटपर्यंत पोचत नसे. समाजवादी चळवळीतले बापू उपाध्ये आणि त्यांचे सहकारी ह्यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत लोकांना एकत्र केले, आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी ओझरला पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी आपण गोळा करावयाची, चाऱ्या आपण दुरुस्त करावयाच्या. पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांनी हाती घेतला, आणि २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. ह्या प्रयोगाचे मर्म काय होते? धरण सरकारचेच राहिले. परंतु दरवाज्याची किल्ली, पाण्याचे माप आणि दुरुस्तीची वही ही तीन वापरणाऱ्यांच्या हाती आली, आणि टेलचा शेतकरी जमेस धरला गेला.

लिनक्सची ओळख करून देताना मला ओझरचीच आठवण होते. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८३ साली अशी घोषणा केली की ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना वाचता, बदलता व वाटता येईल अशी कार्यप्रणाली आपण उभारणार. त्याने नुसत्या सद्भावनेवर विसंबून न राहता एक परवाना लिहिला: ही आज्ञावली घ्या, सुधारा, हवी तर विका, परंतु पुढे देताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही दिले पाहिजे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि लवकरच तो ह्याच परवान्याखाली खुला केला. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्यांत पगारी कंपन्यांचे नोकरही पुष्कळ आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु परवान्यामुळे त्या श्रमाचे फळ कोणा एकाच्या कुंपणात जात नाही.

आता निवडीकडे वळू. नवखा माणूस लिनक्स घ्यावयास निघाला की पहिल्याच पावलावर गोंधळतो, कारण लिनक्स एक नाही, त्याचे शेकडो वाण आहेत. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगणे कठीण नाही. थॉमसनमधून तास-ए-गणेश निघाला, सोनाका निघाला. आणि हे सारे आपण डॉगरिजच्या खुंटावर कलम करून लावतो. तसा येथे डेबियन हा खुंट समजा. उबंटू हे त्यावरचे कलम, आणि लिनक्स मिंट हे बव्हंशी उबंटूवरचे कलम. शासकीय सी-डॅक संस्थेने २००७ साली काढलेली बॉस ही प्रणालीही डेबियनच्याच खुंटावरची. खुंट निराळे असलेलेही वाण आहेत, फेडोरा आहे, आर्च आहे; त्यांची थोरवी मान्य करून मी ते आज बाजूस ठेवतो, कारण एकाचे कांड लवकर लवकर बदलते आणि दुसऱ्याला रोज निगा लागते. आपल्याला हवा तो लावून पाच वर्षे उभा राहणारा.

खुंटाइतकेच महत्त्व डेस्कटॉपला आहे. खिडक्या, यादी, चित्रे, पडद्याच्या तळाची पट्टी हा जो दर्शनी भाग, तो लिनक्समध्ये गाभ्यापासून वेगळा असतो आणि आपण निवडू शकतो. नोम किंवा केडीई हे डेस्कटॉप देखणे आहेत, पण नोम सुरू होताच साधारणतः एक जीबीच्या वर रॅम व्यापतो. दोन जीबीच्या यंत्रात मग कामाला उरते काय? एक्सएफसीई हा १९९६ पासून चालत आलेला डेस्कटॉप पाचशे ते आठशे एमबीत भागवितो. एलएक्सक्यूटी त्याहून किंचित कमी घेतो. त्याखाली आइसडब्ल्यूएमसारख्या निव्वळ खिडक्या सांभाळणाऱ्या प्रणाली आहेत, त्या दोन-तीनशे एमबीत चालतात. परंतु त्यांत वायफाय, प्रिंटर, पेन ड्राइव्ह ह्या प्रत्येकासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते, आणि गटसचिवाने संध्याकाळी सातला येऊन निवेदन टंकावयाचे असताना ती करण्यास त्याला सवड नसते. माझा कौल एक्सएफसीईला आहे. डावीकडे यादी, तळाशी पट्टी, घड्याळ कोपऱ्यात. विंडोज सातवर हात बसलेला माणूस अर्ध्या तासात रुळतो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, कारण हलक्या डेस्कटॉपचे गुणगान करणारे ती सहसा देत नाहीत. डेस्कटॉपने वाचविलेले पाचशे एमबी ब्राउझर दोन मिनिटांत गिळतो. महाभूलेखवर सातबारा पाहावयाचा, महाडीबीटीवर अर्ज भरावयाचा आणि शेजारी टपालपेटी उघडी ठेवावयाची, एवढ्यात एक ते दीड जीबी खर्ची पडते. तेव्हा दोन जीबीच्या यंत्रात आणखी दोन जीबी घालणे, आणि फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे, हे दोन खर्च कोणत्याही वाणाच्या निवडीपेक्षा अधिक फळ देतात. ज्याला एकच खर्च परवडेल त्याने एसएसडी घ्यावी. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि त्यासाठी गावागावांत वर्गणी मागावी लागणार नाही.

काही यंत्रे मात्र ३२-बिटची आहेत, विशेषतः जुने छोटे नेटबुक. त्यांच्याविषयी खोटी आशा दाखविणे योग्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ची ३२-बिट यंत्रावर नवी स्थापना करता येत नाही. फायरफॉक्स ब्राउझरनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२-बिट लिनक्सची साथ सोडली. अँटीएक्स नावाच्या वाणाची डेबियन १२ वर आधारलेली २३ ही आवृत्ती त्यांवर चालते, तिच्यावर टंकलेखन व हिशेब होतील. इंटरनेटचे काम त्यांच्यावर टाकू नये. कोअर टू डुओ असलेले यंत्र मात्र ६४-बिटचे असते, तेव्हा घाईने ते मोडीत काढू नये.

आता डेबियन, उबंटू की मिंट? तांत्रिक गुणांत ह्यांच्यात अंतर आहे, पण आपल्या कामासाठी ते फार मोठे नाही. मी निर्णय दुसऱ्या निकषावर करतो: ही प्रणाली बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे? सेंटओएस नावाचा एक उत्तम वाण होता. जगभरच्या विद्यापीठांनी आणि लहान संस्थांनी तो विश्वासाने घेतला. त्याच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये त्याची सूत्रे हाती असलेल्या रेड हॅट कंपनीने जाहीर केले की २०२१ च्या अखेरीस तो संपेल. आणि रेड हॅट तोवर कोणाच्या मालकीची झाली होती? २०१९ साली ती आयबीएमने विकत घेतली होती. १९७८ चा धागा असा पुन्हा हाती लागतो. तरीही फरक पाहा: आज्ञावली मोकळी असल्यामुळे वापरणाऱ्यांनी तिच्यातून रॉकी आणि अल्मा हे वाण अल्पावधीतच उभे केले. बंद प्रणालीत ही वाटच नसते.

उबंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. तिने काम चांगले केले आहे, पण अखेर कंपनीच ती. मिंटमागे लहानसा गट आहे, देणग्यांवर चालणारा. नवख्या माणसाला मिंटइतकी सोयीची प्रणाली दुसरी क्वचितच असेल आणि तिची एक्सएफसीई आवृत्तीही आहे. डेबियनचे मात्र वेगळे आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ह्या प्रकल्पाला मालक नाही. त्याने १९९७ साली एक सामाजिक करार स्वीकारला, १९९८ साली लिखित घटना केली. प्रमुख दरवर्षी निवडला जातो, सदस्य पसंतीक्रमाने मत देतात, आणि मतपत्रिकेवर 'ह्यांपैकी कोणीही नको' अशा अर्थाचा पर्यायही असतो. पंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंतच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला ही घटना वाचताना कौतुक वाटते आणि थोडा मत्सरही. २०२३ साली ह्या लोकांची वार्षिक जागतिक परिषद आपल्या देशात, कोचीला झाली. प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे दीर्घ मुदतीचा आधार मिळतो. त्यामुळे माझी शिफारस अशी: कचेरीच्या यंत्रांवर एक्सएफसीईसह डेबियन, ज्या साथीला घरी एकट्याने शिकावयाचे आहे त्याने मिंट घेतल्यास हरकत नाही, खुंट तोच आहे.

आणि ह्यापेक्षा महत्त्वाची दुसरी गोष्ट. निवड कोणतीही करा, ती सर्व तालुक्यात एकच करा. उत्साही तरुण प्रत्येक महिन्याला नवा वाण लावून पाहतात. त्यांच्या जिज्ञासेचा मी आदर करतो, पण वणीच्या कार्यकर्त्याची अडचण दिंडोरीच्या कार्यकर्त्याला फोनवर सोडविता आली पाहिजे. दोघांच्या पडद्यावर तीच यादी त्याच जागी असेल तरच ते शक्य आहे. वाघाडवर प्रत्येक चारीचे माप निराळे असते तर संस्था चालली असती काय?

लोहियांचे येथे स्मरण होते. १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात त्यांनी लघुयंत्राची कल्पना मांडली: थोड्या भांडवलात उभे राहणारे, गावात चालविता येणारे यंत्र. त्यांना यंत्राचा विटाळ नव्हता. यंत्राच्या आकाराबरोबर त्याचा मालकही बदलतो, हे त्यांनी ओळखले होते. संगणकाच्या बाबतीत लघुयंत्र म्हणजे छोटा डबा नव्हे. खिशातला फोन आकाराने छोटाच आहे. जे यंत्र वणीचा आयटीआय शिकलेला मुलगा उघडू शकतो, भरू शकतो आणि पुन्हा चालू करू शकतो, ते लघुयंत्र.

लोहियांचा दुसरा आग्रह भाषेचा. लिनक्सवर मराठी उत्तम चालते. इन्स्क्रिप्ट हा शासनमान्य कळफलक प्रणालीत आधीपासूनच असतो, फक्त सुरू करावा लागतो. उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठीही सोय आहे. लोहित आणि नोटो हे मोकळे टंक आहेत. 'दऱ्या', 'तऱ्हा' ह्यांतला आपला ऱ नीट उमटतो. लिबरऑफिसमध्ये पत्रे व तक्ते होतात. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्स व लिबरऑफिसचे पाठ मराठीतही तयार केले आहेत आणि ते विनामूल्य आहेत. खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. आपली वीस-पंचवीस वर्षांची निवेदने, ठराव आणि पत्रके श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोडपूर्व टंकांत आहेत. तो टंक नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. हे काम विंडोज असतानाच सुरू करावे. वनहक्काच्या याद्या प्रथम, जाहीर सभांची पत्रके शेवटी.

अडचणी आणखी आहेत. त्या आधी सांगितल्या नाहीत तर पहिल्या आठवड्यातच लोक पाठ फिरवितील. अनेक कचेऱ्यांत असलेला कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर रडतखडत चालतो. एचपीचे बहुतेक लेसर प्रिंटर सहज चालतात. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बहुधा विंडोज किंवा अँड्रॉइडसाठीच बनविलेली असतात. ई-निविदेची डिजिटल सही आणि टॅली ह्यांचेही तेच. ज्याच्या उपजीविकेचे काम ह्यांवर आहे त्याने तत्त्वासाठी आपले दुकान बंद करावे असे मी सांगणार नाही. तेवढे एक यंत्र विंडोजवर राहू द्यावे. युरोपला द्राक्षे पाठविणाऱ्या बागायतदाराला २००६ पासून ग्रेपनेटवर बागेची नोंदणी लागते, आणि ते काम ब्राउझरचे असल्याने लिनक्सवर अडू नये. तरी हंगामाच्या तोंडावर प्रयोग करू नये, सप्टेंबरच्या आधी करावा.

मोठ्या प्रमाणावर हे कोणी करून दाखविले आहे काय, असे विचाराल. जर्मनीतील म्युनिच नगरपालिकेने दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ साली नव्या सत्ताधाऱ्यांच्या काळात परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. हा पराभव आपले मित्र सांगत नाहीत, पण तो सांगितला पाहिजे. दुसरीकडे केरळने शाळांतून मोकळी प्रणाली आणली आणि सरकारे बदलली तरी ती टिकली. फरक कशाने पडला ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला ठळक दिसतो तो एक: केरळात शिक्षक आणि त्यांच्या संघटना आरंभापासून त्यात होत्या, शिक्षकांनी शिक्षकांना शिकविले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीवर लिहिली गेली. वरून आलेला निर्णय वरून परत घेता येतो. हजारो शिक्षकांच्या हाताला लागलेली सवय एका ठरावाने जात नाही.

म्हणून आपण सर्व संगणक एका दिवसात बदलावयाचे नाहीत. आधी पेन ड्राइव्हवर डेबियनची चालती प्रत घेऊन यंत्र तिच्यावर सुरू करावे. त्याने आतील काहीही पुसले जात नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे पाहावे. मग सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात, एक कचेरीत आणि एक दुसऱ्या गावी. त्यानंतरच स्थापना करावी. प्रत्येक गटातून दोन माणसे शिकावीत, आणि त्यांत एक तरी महिला कार्यकर्ती असावी. याद्या प्रत्यक्षात लिहितात त्या बहुधा त्याच, पण पासवर्ड त्यांच्या हाती क्वचित असतो.

कचेरीतील यंत्र पुढील रविवारी ह्याच सभागृहात उघडावयाचे आहे. त्या दिवशी येताना प्रत्येक गटाने आपल्या संगणकाची माहिती एका कागदावर लिहून आणावी: प्रोसेसर कोणता, ३२-बिट की ६४, रॅम किती, डिस्क फिरती की एसएसडी, प्रिंटरचे नाव काय, आणि जुन्या फायली कोणत्या टंकात आहेत. स्क्रू काढण्याचा पेचकस कचेरीत एकच आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपला आणावा.